शेवटचे वीस मीटर

१ ऑगस्ट १९७५ रोजी राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांसाठी एका वर्षाच्या प्रयोगाला प्रारंभ झाला. 'साइट' या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून रोज सुमारे चार तास कार्यक्रम प्रक्षेपित होत. सकाळी ते शाळकरी मुलांसाठी असत आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी. या प्रयोगाचा इतिहास सांगताना विक्रम साराभाईंची दूरदृष्टी, यशपालांचे नेतृत्व आणि कोल्हापुरात जन्मलेल्या एकनाथ चिटणिसांचे व्यवस्थापन यांचा उल्लेख होतो, आणि तो रास्तच आहे. उपग्रहाच्या नऊ मीटर व्यासाच्या छत्रीचेही वर्णन येते. अँटेनापासून संचापर्यंत गेलेल्या तारेचा उल्लेख मात्र सहसा कुठेच सापडत नाही.

या तारेच्या वाट्याला काय आले होते, ते आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरते. एटीएस-६ चा प्रक्षेपक ८६० मेगाहर्ट्झवर सुमारे ८० वॅट शक्ती सोडत असे, म्हणजे घरातल्या एका जुन्या दिव्याइतकी. तो उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. खेड्यातली अँटेना तीन मीटर व्यासाची होती आणि ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची बनवली होती. ८६० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर असते. तिच्या मानाने जाळीची भोके इतकी लहान की लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच भासते. त्यामुळे जाळी चालली, वजन घटले आणि वाऱ्याचा जोरही कमी बसला. मात्र अशी अँटेना जी शक्ती गोळा करी, ती अंदाजे एका वॅटचे तीस अब्ज भाग केल्यावर त्यातील एका भागाएवढी असे.

आता ही शक्ती त्या काळी सर्रास मिळणाऱ्या आरजी-५९ जातीच्या दहा मीटर केबलमधून नेली तर काय होईल? या वारंवारतेला अशी केबल १०० मीटरला सुमारे २६ डेसिबल गमावते. दहा मीटरला २.६ डेसिबल, म्हणजे जवळजवळ निम्मी शक्ती तारेतच उष्णतेच्या रूपाने संपते. त्याहून वाईट गोष्ट अशी की पहिल्या ॲम्प्लिफायरच्या आधी गमावलेली शक्ती नंतर कितीही विवर्धन केले तरी परत मिळत नाही, कारण तारेचा स्वतःचा औष्णिक गोंगाट तोवर संकेतात मिसळलेला असतो. पुढचा ॲम्प्लिफायर दोघांनाही सारखेच मोठे करतो. म्हणूनच अशा ग्राहीत कमी गोंगाटाचा पहिला ॲम्प्लिफायर अँटेनाच्या जितका जवळ बसेल तितके बरे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील अभियंत्यांनी फ्रंट-एंड कन्व्हर्टर नावाच्या पेटीवर मेहनत घेतली, ती या विवंचनेतूनच. त्याच प्रयोगाचा एक संच इस्रोच्या अभियंत्यांनी आर्थर सी. क्लार्क यांच्या कोलंबोतील घरीही बसवला होता. भूस्थिर उपग्रहांची कल्पना १९४५ साली मांडणाऱ्या लेखकाच्या गच्चीवरचा संकेतही अखेर तारेवाटेच घरात उतरत होता.

ही तार मुळात दूरचित्रवाणीसाठी जन्मलेली नाही. १८८० साली इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइडने एका वाहकाभोवती दुसरा नळीसारखा वाहक गुंडाळण्याच्या रचनेचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या तारांमधला परस्पर अडथळा होता. कल्पना पन्नास वर्षे जवळजवळ पडून राहिली. १९२९ मध्ये अमेरिकेच्या बेल संस्थेतील लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल यांनी रुंद वारंवारता-पट्टा वाहून नेणाऱ्या कोॲक्सिअल तारेच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते त्यांना १९३१ मध्ये मिळाले. १९३६ साली बर्लिन आणि लाइपझिग यांच्यामध्ये अशा केबलवरून चित्रासह दूरध्वनीची सार्वजनिक सेवा सुरू झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया ही प्रायोगिक केबल टाकली गेली. तिच्यातून एकाच वेळी २४० टेलिफोन संभाषणे जाऊ शकत; १९३७ मध्ये तिच्यावरून दूरचित्रवाणीचे चित्रही पाठवून दाखवण्यात आले.

या तारेची करामत समजण्यासाठी एक जुनी समजूत बाजूला ठेवावी लागते. पाणी जसे नळातून वाहते तसा संकेत ताम्यातून वाहतो, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात ऊर्जा वाहते ती मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यामधल्या विद्युतरोधकातून, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या रूपाने. धातू त्या क्षेत्रांना बांध घालतो. वारंवारता वाढते तसा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरात गोळा होतो. याला स्किन इफेक्ट म्हणतात. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी ताम्यातला हा थर ९ मिलिमीटरहून जाड असतो. १०० मेगाहर्ट्झला तो ६.६ मायक्रोमीटरवर येतो आणि १ गिगाहर्ट्झला जेमतेम २ मायक्रोमीटरवर. त्यामुळे संकेताचा प्रवाह मधल्या तारेच्या बाहेरच्या सालीवर आणि जाळीच्या आतल्या अंगावर वाहतो. जाळीच्या बाहेरच्या अंगाला त्याचा पत्ताही नसतो. शेजारच्या मोटारीच्या ठिणग्या, रेडिओची केंद्रे, विजेच्या तारा यांचा उपद्रव त्या बाहेरच्या अंगावरूनच निघून जातो. अर्थात जाळी दाट विणलेली असेल तर. भोके मोठी असतील तर हे दोन शेजारी एकमेकांच्या घरात शिरतात.

दूरचित्रवाणीची केबल ७५ ओहमची का असते, हा परीक्षेतला आवडता प्रश्न आहे आणि त्याचे पाठ केलेले उत्तर अर्धेच खरे आहे. बाहेरच्या आणि आतल्या वाहकाच्या व्यासांचे गुणोत्तर सुमारे ३.६ असले की क्षीणन सर्वांत कमी होते, आणि मध्ये नुसती हवा असेल तर त्या गुणोत्तराला संरोध येतो सुमारे ७७ ओहम. बेल संस्थेच्या सुरुवातीच्या तारांत मध्ये अंतराअंतरावर रबरी चकत्या आणि बाकी हवाच होती. तिथे हा हिशेब चपखल बसतो. भरीव पॉलिथिलीन भरले की तोच किमान क्षीणनाचा बिंदू ५१ ओहमच्या आसपास सरकतो. तरीही दूरचित्रवाणीने ७५ सोडले नाही. साध्या अर्धलहरी द्विध्रुव अँटेनाचा रोध ७३ ओहमच्या जवळ असतो, ही एक सोय होती. शिवाय एकदा लाखो यंत्रे एका आकड्यावर बांधली गेली की तो आकडा भौतिकशास्त्रापेक्षा व्यवहाराच्या जोरावर टिकतो. आजच्या केबलमध्ये फेसाळ पॉलिथिलीन असते, निम्म्याहून अधिक वायूचे बुडबुडे असलेले. म्हणजे तंत्रज्ञान वळसा घालून पुन्हा हवेकडेच आले.

भारतातील घरांत ही केबल आली ती उशिराच. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली, आणि १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेल्यावर लहान शहरांत प्रक्षेपक उभे राहिले. छपरांवर यागी अँटेनांचे रान माजले. तिथून खाली येई ती बहुधा ३०० ओहमची चपटी दुपदरी तार. ती कोरडी असताना तिचे क्षीणन कोॲक्सिअलपेक्षाही कमी असते. पण तिचे क्षेत्र तारेच्या बाहेर, मोकळ्या हवेत पसरलेले असते. पाऊस पडला, धूळ बसली, तार लोखंडी गजाला चिकटली की चित्र बिघडते. रविवारच्या चित्रपटाच्या वेळी घरातले कुणीतरी गच्चीवर अँटेना फिरवत असे आणि खालून 'आलं, गेलं' असा पुकारा होई. त्या वेळी अँटेनाला दिलेला दोष पुष्कळदा त्या ओल्या पट्टीचा असे.

चित्र बदलले ते १९९१ नंतर. आखाती युद्धाची थेट दृश्ये सीएनएनने दाखवली, त्याच वर्षी एशियासॅट-१ वरून स्टार टीव्हीच्या वाहिन्या सुरू झाल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आले. एका गच्चीवर सी-बँडची मोठी छत्री, एका खोलीत मॉड्युलेटरांची चळत आणि तिथून झाडांवरून, खांबांवरून, गॅलरीच्या कठड्यांवरून चाळीचाळींत गेलेल्या काळ्या केबली, असे हे जाळे कोणत्याही शासकीय योजनेशिवाय उभे राहिले. जगातल्या फार थोड्या देशांत इतके मोठे उच्च-वारंवारता जाळे इतक्या कमी औपचारिक प्रशिक्षणावर बांधले गेले असेल. त्यात चुका झाल्या, पण त्या चुकांतून भौतिकशास्त्राचा एक उत्तम धडा मिळतो.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे जोड. एका घरातून दुसऱ्या घरात जोडणी द्यायची तर केबल कापायची, तिन्ही टोकांच्या मधल्या तारा पिळायच्या, जाळ्या पिळायच्या आणि वर इन्सुलेशन टेप गुंडाळायची. विजेच्या वायरिंगची सवय असलेल्या हाताला यात काहीच गैर वाटत नाही. पण ७५ ओहमच्या तारेला पुढे ७५ ओहमच्या दोन तारा समांतर भेटल्या की तिला दिसतो ३७.५ ओहमचा रोध. संकेताचा एक-तृतीयांश व्होल्टेज आणि एक-नवमांश शक्ती उलट दिशेने परावर्तित होते. वीस मीटर मागे दुसरा तसाच जोड असेल तर हा प्रतिध्वनी तिथे आपटून पुन्हा पुढे येतो. चाळीस मीटरच्या या येरझारेला लागतात सुमारे १६० नॅनोसेकंद. पडद्यावरची एक ओळ ५२ मायक्रोसेकंदांत रेखाटली जाते. म्हणजे ४० सेंटीमीटर रुंद पडद्यावर मूळ आकृतीच्या उजवीकडे सव्वा मिलिमीटरवर तिची फिकी सावली उमटते. निवेदिकेच्या चेहऱ्याला दुहेरी कड का आली, याचे उत्तर जिन्यातल्या त्या काळ्या टेपखाली असे.

आणखी गमतीचा प्रकार ग्राहकाने जोडणी सोडल्यावर घडे. त्याचा संच काढला जाई, पण जोडापाशी एखाद्या मीटरचा केबलचा तुकडा तसाच लोंबकळत राही. टोक मोकळे असलेला, पाव लहरीइतक्या लांबीचा तुकडा जोडापाशी शॉर्ट सर्किटसारखा वागतो. फेसाळ केबलमध्ये एक मीटर लांबीसाठी ही वारंवारता येते सुमारे ६१ मेगाहर्ट्झ, आणि तिच्या तिप्पट, १८४ मेगाहर्ट्झलाही तेच घडते. दोन्ही दूरचित्रवाणीच्या पट्ट्यांत बसतात. पुढच्या सर्व घरांतून नेमकी एक-दोन वाहिन्या नाहीशी होत आणि बाकी सगळे व्यवस्थित दिसे. केबलवाल्याने मुद्दाम वाहिनी बंद केली, अशी तक्रार होई. ७५ ओहमच्या एका लहानशा टर्मिनेटरने ती मिटली असती.

क्षीणन वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, या एका नियमाने तर अर्थकारणही घडवले. आरजी-६ केबल १०० मीटरला ५५ मेगाहर्ट्झवर सुमारे ५ डेसिबल गमावते आणि ८६० मेगाहर्ट्झवर २० डेसिबल. साहजिकच लांबच्या घरात खालच्या पट्ट्यातल्या वाहिन्या स्वच्छ आणि वरच्या पट्ट्यातल्या मुंग्यांनी भरलेल्या दिसत. दर काही अंतरावर बसवलेले ॲम्प्लिफायर संकेत उचलत, पण प्रत्येक जण आपला गोंगाट भर घाली. एकसारखे दहा ॲम्प्लिफायर ओळीने लावले की संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर १० डेसिबलने घसरते. जुन्या संचांना वरच्या वारंवारता पकडताही येत नसत. त्यामुळे खालच्या 'प्राइम बँड'मध्ये जागा मिळावी म्हणून वाहिन्या केबलचालकांना पैसे मोजू लागल्या. प्रेक्षकाला कोणती बातमी स्पष्ट दिसावी, हे काही अंशी ताम्याच्या सालीतील रोधाने ठरवले, हे माध्यमांच्या इतिहासकारांनी अजून पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

१९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे अधिनियमात मजकुरावरच्या निर्बंधांची चर्चा पुष्कळ झाली. त्यातलीच दोन कलमे तंत्राविषयी आहेत. नवव्या कलमानुसार जाळ्यातील साधनसामग्री भारतीय मानकाशी जुळली पाहिजे आणि दहाव्यानुसार जाळ्याने अधिकृत दूरसंचार यंत्रणांत व्यत्यय आणता कामा नये. दहाव्या कलमाचे कारण पुन्हा विरळ जाळीच आहे. केबलच्या आत १०८ ते १३७ मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरता येतो, पण आकाशात तोच पट्टा विमानांच्या मार्गदर्शनासाठी आणि संभाषणासाठी राखलेला आहे. घट्ट बांधलेल्या केबलमध्ये दोघे सुखाने नांदतात. सैल कनेक्टर मात्र छोट्या प्रक्षेपकासारखा वागतो.

कनेक्टरांचा इतिहास काटकसरीचा आहे. भारतातील संचांच्या पाठीवर असलेले साधे दाबून बसवायचे छिद्र इंग्लंडच्या बेलिंग-ली कंपनीचे, १९२२ सालचे, म्हणजे दूरचित्रवाणीच्याही आधीचे. स्टुडिओंत वापरला जाणारा, अर्धवट फिरवून अडकवायचा बीएनसी उत्तमच, पण घरोघरी परवडणारा नाही. अमेरिकेतील जेरॉल्ड कंपनीत एरिक विन्स्टन यांनी १९५० च्या दशकात एफ-कनेक्टर काढला, तो या सर्वांत हुशार म्हणावा लागेल. त्यात मधली पिनच नाही. केबलची स्वतःची मधली तारच पिनेचे काम करते. एक भाग वाचला, एक डाग वाचला, आणि तारेचा व्यास जिथल्या तिथे राहिल्यामुळे संरोधही फारसा बदलत नाही. किंमत नगण्य, आणि तरी तो दोन गिगाहर्ट्झच्या पलीकडे चालतो. त्याची अट एकच, हात नीट हवा. जाळीचा एक केस मधल्या तारेला लागला की सगळे शॉर्ट. मधली तार आखूड कापली तर आतल्या पात्यांपर्यंत पोहोचत नाही. आणि पकडीने चेपून बसवलेला स्वस्त कनेक्टर पहिल्या पावसाळ्यात आपले रूप दाखवतो.

२००३ मध्ये डिश टीव्ही आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस सेवा सुरू झाल्यावर 'साइट'चा प्रश्न नव्या वेषात घरोघरी आला. छत्री आता हातभर झाली, कारण वारंवारता ११-१२ गिगाहर्ट्झवर गेली. अडीच सेंटीमीटरच्या या लहरीला खुराड्याची जाळी चालत नाही, भरीव पत्रा लागतो. इतकी उच्च वारंवारता केबलमधून खाली आणण्याचा विचारही कुणी करत नाही. छत्रीच्या नाकावर बसलेला एलएनबी तिथेच संकेत वाढवतो, तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये उतरवतो आणि मग केबलच्या स्वाधीन करतो. तरीही पट्ट्याच्या वरच्या टोकाला वीस मीटर आरजी-६ मधून साधारण एक-पंचमांश शक्तीच खाली पोहोचते. आधी विवर्धन झालेले असल्यामुळे ते चालून जाते. आरजी-५९ मात्र इथे मोडीत निघाली.

याच टप्प्यावर बाजारातील एका जुन्या प्रश्नाला नवे उत्तर मिळाले. तांबे महाग झाल्यावर मधली तार पोलादाची करून तिच्यावर ताम्याचा मुलामा देण्याची पद्धत रूढ झाली. यात फसवणूक आहे असे सरसकट म्हणता येत नाही. दोन मायक्रोमीटरच्या सालीतून वाहणाऱ्या प्रवाहाला आत काय आहे याने फरक पडत नाही, आणि पोलादामुळे लोंबती केबल ताण सहन करते. पण उपग्रहाच्या केबलमधून उलट दिशेने वीजही जाते. सेट-टॉप बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो आणि त्या आकड्यावरूनच लहरीचे उभे की आडवे ध्रुवण निवडायचे, ते एलएनबीला कळते. ही वीज एकदिश असते, ती साल पाहत नाही, सबंध तार वापरते. एक मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार १०० मीटरला सुमारे २ ओहम रोध दाखवते. मुलाम्याची तार १० ओहमच्या घरात जाते. ०.२ ॲम्पिअर प्रवाहाला दोन व्होल्ट तिथेच गेले. त्यात गंजलेल्या कनेक्टरची आणि पातळ जाळीची भर पडली की १८ चे १५ होतात आणि एलएनबी आडव्याऐवजी उभे ध्रुवण निवडतो. ग्राहकाच्या अर्ध्या वाहिन्या जातात. छत्री कितीही नीट लावली तरी त्या परत येत नाहीत. उंच इमारतीत लांब केबल लागते तिथे मधली तार शुद्ध तांब्याची घेणे म्हणूनच शहाणपणाचे. बंगल्याच्या दहा मीटरसाठी मुलामा पुरतो. केबलवर आरजी-६ छापलेले आहे, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. दुसऱ्या महायुद्धकाळातील अमेरिकी लष्कराच्या या नावांचे आज व्यापारी लेबल झाले आहे. दोन टोकांचा रोध मल्टिमीटरने मोजणे, किंवा साध्या लोहचुंबकाला तार चिकटते का पाहणे, हे अधिक विश्वसनीय.

पावसात चित्र गेले की ढगांना बोल लावला जातो. ११-१२ गिगाहर्ट्झच्या लहरी पावसाचे थेंब खरोखरच शोषतात. पण सर थांबल्यावर पाच मिनिटांत चित्र परतले तर दोष ढगाचा. दोन दिवस ऊन पडेपर्यंत परतले नाही तर पाणी कनेक्टरात शिरलेले असते. केशाकर्षणाने ते जाळीतून मीटर-मीटर आत जाते. फेसातल्या हवेची जागा पाण्याने घेतली की त्या ठिकाणी संरोध ढासळतो आणि क्षीणन वाढते. कनेक्टरच्या आधी केबलला खाली लोंबणारा एक वळसा ठेवला तर थेंब तिथून गळून पडतात. त्याला खर्च काहीच येत नाही. संकेत अंकीय झाल्यापासून या दोषांची पूर्वसूचनाही मिळेनाशी झाली. पूर्वी आधी मुंग्या येत, सावल्या पडत, मग चित्र जाई. आता चुकांची दुरुस्ती करणारे गणित शेवटच्या क्षणापर्यंत चित्र निर्दोष ठेवते आणि गुणोत्तर एका डेसिबलने आणखी घसरले की पडद्यावर चौकोन उमटून सारे गोठते.

१९७९ साली पुण्यात देशातली टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू तार सुरू झाली, तेव्हापासून कोॲक्सिअलचा अंत जवळ आल्याचे सांगितले जात आहे. लांबच्या पल्ल्यातून ती खरोखरच हटली. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांचे संकेतही कित्येक किलोमीटर प्रकाशतंतूतूनच येतात. केबलचालकांनीही मुख्य मार्गांवर तंतू टाकले आहेत. ते इमारतीच्या तळाशी, काही ठिकाणी थेट दिवाणखान्यापर्यंत पोहोचतात. तिथे भिंतीवरची लहानशी पेटी प्रकाशाचे पुन्हा ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झमध्ये रूपांतर करते, आणि तिच्या खालच्या बाजूला एक आटे असलेले पितळी तोंड असते. त्यात एफ-कनेक्टर फिरवून बसवलेली दीड मीटर आरजी-६ तिथून संचाच्या मागे जाते.